मूळ प्रत एकच

सुभानराव जगतापांच्या घरात कोणत्याही वस्तूची दुसरी प्रत नव्हती. किल्ली एक, कात्री एक, छत्री एक. रेशनकार्डाची झेरॉक्स काढावी लागलीच तर काम झाल्यावर ते ती खिडकीतल्या माणसाकडून परत मागत, आणि मिळाली तर घरी आणून फाडत. नुसती फाडत नसत. एकदा आडवी, एकदा उभी, म्हणजे नेमके चार तुकडे. बडोद्यातल्या मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत याला विक्षिप्तपणा म्हणत. तो विक्षिप्तपणा नव्हता, नोकरी होती. नोकरी संपून नऊ वर्षं झाली होती एवढंच, आणि ती बातमी सुभानरावांच्या हातांपर्यंत अजून पोचायची होती.

आजोबांनी संस्थानच्या पागेतले घोडे राखले. संस्थान गेल्यावर वडिलांनी सरकारी कोठारातली पोती राखली. सुभानरावांनी मकरपुऱ्याच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्रॉइंग राखली. घराण्यात राखणदारीची परंपरा अखंड होती. राखायची वस्तू तेवढी पिढीगणिक पातळ होत गेली.

कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये प्रत्येक भागाचं एक मूळ ड्रॉइंग असे, ट्रेसिंग कागदावर काढलेलं, रुंद ड्रॉवरमध्ये आडवं झोपवलेलं. त्यावरून अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रती निघत आणि खाली मशीनवर जात. डिझाइन बदललं की नवी प्रत निघे. पण जुनी परत आल्याशिवाय ती कोणाच्या हातात पडत नसे. जुनी आली की तिच्यावर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का, म्हणजे ही आता बाद. शिक्का मारला की चार तुकडे. नियम सुभानरावांनी केलेला नव्हता. पण एकोणऐंशी साली एका फोरमनच्या खणात एक जुनी प्रत राहून गेली आणि तिच्या बरहुकूम पाइपाच्या तोंडाला बसवायच्या दोनशे बारा चकत्यांना बाराऐवजी आठ भोकं पडली. मेमो सुभानरावांना मिळाला. त्या दिवसापासून नियम त्यांच्या रक्तात उतरला. "दोन प्रती असल्या की त्यातली एक खोटी असते," असं ते म्हणत. पुढे मुलाच्या लग्नपत्रिकेत वेळ चुकीची छापली गेली, तेव्हा वाटून झालेल्या चाळीस पत्रिका त्यांनी स्कूटरवरून घरोघर जाऊन परत आणल्या. दोन घरांत लोकांनी लग्न मोडलं असं समजून त्यांचं सांत्वन केलं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पत्रिका घेऊन निघाले.

नव्वदच्या दशकात कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला आणि रेकॉर्ड रूमला कॉम्प्युटर. सगळी ट्रेसिंग स्कॅन झाली. साहेब म्हणाले, "जगताप, आता सगळं आत आहे." आत म्हणजे कुठे, हे विचारायची पद्धत नव्हती. मग सव्वीस हजार ट्रेसिंग बाद करायचं काम निघालं, आणि ते त्यांच्याइतकं नीट दुसरं कोण करणार? चार महिने ते शिक्के मारत आणि कापत बसले. शेवटचं ट्रेसिंग कापून झालं तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये बाद करण्यासारखं एकच काही उरलं होतं. दोन हजार एक साली सुभानरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिच्यात स्वेच्छा किती होती हे त्या काळी मकरपुऱ्यात कोणी कोणाला विचारत नसे. घरी येताना खिशात तो लाल शिक्का राहून गेला. तो परत करायला ते दुसऱ्या दिवशी गेले, तर गेटवरच्या वॉचमनने त्यांचं नाव यादीत नाही असं सांगितलं.

मुलगा यशराज पुण्याला नोकरीला लागला तेव्हा आपला कॉम्प्युटर आणि स्कॅनर इथेच ठेवून गेला. दोन हजार पाचच्या पुरात सोसायटीत पाणी शिरलं आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम भिजले. तिथून सुभानरावांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. फोटो सोलून काढायचे, दोरीवर चिमट्याने वाळवायचे, स्कॅन करायचे, नंबर द्यायचा, रजिस्टरमध्ये डावीकडून उजवीकडे नावं लिहायची. रजिस्टर जाड पुठ्ठ्याचं, लाल कण्याचं, रेकॉर्ड रूममध्ये होतं तसलंच. बातमी पसरली. पागेतल्या जुन्या घराण्यांचे लोक आपापले ओले अल्बम प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून आणू लागले. फेट्यातले आजोबा, नऊवारीतल्या आज्या, घोड्यावर बसवलेली आणि त्यामुळे रडणारी बाळं. पुढे डिजिटल कॅमेरा आला आणि लग्नं, बारशी, सोसायटीचे गणपती हे सगळंही त्यांच्याकडे जमा होऊ लागलं. दोन हजार दहाच्या सुरुवातीला रजिस्टरमधला शेवटचा नंबर चौदा हजार दोनशे सात होता.

लोकांचे फोटो ते स्कॅन करून परत देत. स्वतःच्या घरचे मात्र नियमाप्रमाणे बाद करत. शिक्का, आणि चार तुकडे.

लग्नाच्या फोटोच्या पाठीवर शिक्का पडला तेव्हा वसुंधराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"बाद का?" त्या म्हणाल्या. "लग्न की फोटो?"

"फोटो. तो आता आत आहे."

"बरं झालं विचारलं. मला वाटलं, नवी आवृत्ती आणताय."

हा विनोद होता तोवर ठीक होतं. दोन दिवसांनी शैलाचा फोटो बाद झाला.

शैला वसुंधराबाईंची धाकटी बहीण. चौऱ्याहत्तर साली एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेली. तिचा फोटो एकच होता: घरासमोर भाड्याची सायकल धरून उभी आहे, आणि कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कोणाला तरी काहीतरी सांगते आहे. सायकल तासाच्या बोलीने आणलेली, त्यामुळे तिला घाई होती. हा फोटो पुरात निम्मा चिकटला होता. सुभानरावांनी तो दीड दिवस खपून सोडवला, तिरपा पडू न देता स्कॅन केला, बारीक डाग एकेक करून काढले, आणि मूळ प्रतीचे चार तुकडे केले. रजिस्टरमध्ये नोंद झाली: '४१७. शैला पवार, अंदाजे १९७३. भाड्याच्या सायकलीसह. मूळ प्रत नष्ट.'

वसुंधराबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी "भाजी कोणती आणू?" असं विचारलं, त्यावरून सुभानरावांनी ताडलं की प्रकरण मिटलं. ते मिटलं नव्हतं, पण बडोद्यात भाजी तर रोज आणावीच लागते. पुढे दर वर्षी बारा मार्चला, शैलाच्या वाढदिवशी, दुपारी भांडी विसळता विसळता त्या बाहेर येत आणि म्हणत, "काढा." सुभानराव ४१७ उघडत. त्या ओले हात पदरापासून लांब धरून मिनिटभर उभ्याने बघत आणि परत मोरीकडे जात. खुर्ची ओढून देऊ केली तरी बसत नसत.

दोन हजार दहाच्या जानेवारीत कॉम्प्युटर थकला. फोटो उघडायला इतका वेळ लागे की सुभानराव क्लिक करून दाढी करून येत. यशराज दर रविवारी फोन करायचा.

"पप्पा, ही जुनी एक्सपी सिस्टम कुठवर चालवणार? नवी सेव्हन टाकून घ्या."

"चालतंय की हे."

"चालत नाहीये, बसलंय. आणि आधी फोटोंचा बॅकअप घ्या. नक्की घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे वेगळ्या डिस्कवर कॉपी. नव्या सिस्टमच्या भानगडीत काही गेलं तर?"

एवढं स्पष्ट सांगूनही काय घोटाळा होऊ शकेल हे यशराजला कळायला हवं होतं, कारण तो त्याच घरात वाढला होता. पण मुलं पुण्याला गेली की विसरतात.

सुभानरावांनी पुस्तकाएवढी काळी हार्ड डिस्क आणली आणि कामाला लागले. एकदम सगळं ओढून टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एक फोल्डर न्यायचा. रजिस्टरमधला आकडा, कॉम्प्युटरवरचा आकडा आणि डिस्कवरचा आकडा, तिन्ही जुळवायचे. मधले पाच फोटो उघडून बघायचे. मग बरोबरची खूण. पडद्यावर हिरवी पट्टी सरके आणि 'उरलेला वेळ' म्हणून एक आकडा दिसे. तो आधी नऊ मिनिटं म्हणे, मग दोन तास, मग पुन्हा चार मिनिटं. सुभानरावांना त्यात कारखान्याच्या पर्चेस खात्याची आठवण येई. अकरा दिवस हे चाललं. मान धरली, डोळे चुरचुरायला लागले, डाव्या खांद्यातून कळ यायला लागली. वसुंधराबाईंनी तेल लावून दिलं.

"एवढं कशासाठी?" त्या म्हणाल्या.

"सुरक्षिततेसाठी."

अकराव्या दिवशी शेवटची खूण झाली. नवी प्रत हातात होती, तपासलेली होती, निर्दोष होती. आणि कॉम्प्युटरच्या डी नावाच्या कप्प्यात जुनी प्रत जशीच्या तशी पडून होती.

त्या दोन प्रतींकडे सुभानरावांना बघवेना. उद्या एकीत सुधारणा होईल, दुसरीत राहून जाईल; कोणाला कोणती दिली हे कळणार नाही; दोनशे बारा चकत्या. त्यांनी चहा घेतला आणि जुनी प्रत बाद केली. कचऱ्याची टोपली रिकामी केली. पण नुसतं तेवढं म्हणजे एकदा आडवं फाडण्यासारखं झालं. म्हणून मग त्यांनी सगळा डी कप्पाच फॉर्मॅट केला. तासाभराने पडद्यावर तो नव्या खोलीसारखा रिकामा दिसला. नव्या सिस्टमला जागाही मोकळी होईल, असा त्यांचा हिशेब होता. त्या रात्री त्यांना फार शांत झोप लागली.

सिस्टम टाकायला रसिकाबेन आल्या. रसिका जळगावकडची, वडील रिफायनरीत लागले म्हणून कुटुंब इथे आलं. तरसालीला आपल्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत ती कॉम्प्युटर दुरुस्त करी. पाटी गुजरातीत, हिशेब गुजरातीत, बोलणं अर्धं अर्धं. पस्तिशीची, कमी बोलणारी, आणि बोलली की समोरचा पेशंट आहे अशा सुरात बोलणारी.

"बॅकअप आहे ने, काका?"

"आहे." सुभानरावांनी फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेली डिस्क कपाटातून काढून दाखवली.

"सरस. तशी गरज नाही पडत. मी फक्त सी कप्पा पुसणार. डी ला हातच नाही लावत. तुमचे फोटो डी मध्ये जिथे आहेत तिथेच राहतील."

तिथे आता काही नाही हे सांगणं सुभानरावांना औचित्याला धरून वाटलं नाही; बाई एवढी काळजीपूर्वक काम करत होती. दुपारी चारपर्यंत सेव्हन बसलं. काही म्हणजे काही बिघडलं नाही. ज्या भानगडीची दोन महिने सगळ्यांनी धास्ती घेतली होती, ती इतकी सुरळीत पार पडली की रसिकाबेनने कंटाळून दोनदा जांभई दिली.

सात मार्चला, रविवारी सकाळी, सुभानराव फोटो परत डी मध्ये ठेवायला बसले. सोसायटीच्या सेक्रेटरीला अहवालासाठी मागच्या वर्षीच्या गणपतीचे फोटो घाईने हवे होते, म्हणून तो फोल्डर आधी घेतला. तीनशे चाळीस फोटो. ते पोचले. डिस्कची वायर आखूड होती, त्यामुळे डिस्क खुर्चीच्या हातावर ठेवावी लागली होती. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर फोन वाजला. सुभानराव उठले. वायर गुडघ्याला अडकली. फरशीवर काहीतरी पडल्याचा आवाज आला, फार मोठा नाही. स्टीलची वाटी पडली असती तर जास्त झाला असता.

"पप्पा," पुण्याहून यशराज म्हणाला, "सेव्हन टाकलं ना? बॅकअप घेतला होता ना?"

"घेतला होता," सुभानराव म्हणाले, आणि फोनमधून नव्हे तर पाठीमागून टिक, टिक, टिक असं ऐकू यायला लागलं.

बोलावल्यावर आलेल्या रसिकाबेनने डिस्क कानाशी धरली. डॉक्टर पोराच्या छातीवर नळी ठेवतो तशी थोडा वेळ ऐकत राहिली. मग टेबलावर ठेवली.

"गेली. आत सुई घासते. मुंबईला उघडून बघतात, पण खात्री कोणी देत नाही."

सुभानरावांनी डिस्क फ्लॅनेलच्या फडक्यावर नीट ठेवली.

"पण टेन्शन कशाला घेता, काका? हा तर बॅकअप होता. ओरिजिनल डी मध्ये आहे ने. मी हात लावला नव्हता."

"डी मध्ये नाहीत."

"असतील. बघा ने नीट."

"मी काढून टाकले होते. तुम्ही यायच्या आधी. फॉर्मॅट केला."

रसिकाने त्यांच्याकडे बघितलं. मग डिस्ककडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"का पण?"

"प्रत झाली होती."

"काका, बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली ठेवून दुसरी."

"दोन असल्या की चुकीची वापरली जाते."

"फोटोची चुकीची प्रत कशी असणार?"

एकतीस वर्षं आणि वर नऊ, एवढ्या काळात हा प्रश्न सुभानरावांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी उत्तर शोधलं. व्हॉल्व्हचं होतं. पंपाचं होतं. सायकल धरून उभ्या असलेल्या मुलीचं नव्हतं.

रसिकाने बराच वेळ नखाने टेबल खरवडलं. "फॉर्मॅट एक्सपीत केला की सेव्हनमध्ये?"

"आधी. जुन्यात."

"मग आशा आहे. जुना फॉर्मॅट नुसतं अनुक्रमणिकेचं पान फाडतो, पुस्तक तसंच राहतं. सेव्हनमध्ये पूर्ण केला असतात तर पानं पण कोरी झाली असती. त्यानंतर डी मध्ये काही लिहिलं का?"

"गणपती," सुभानराव म्हणाले.

"किती?"

"तीनशे चाळीस."

"ते बसले असतील कोणाच्या तरी जागी," रसिका म्हणाली. "आता याला हात लावू नका. बंद करा. मी डबा घेऊन जाते."

घरात कॉम्प्युटरच्या जागी धुळीचा चौकोन राहिला. वसुंधराबाईंनी तो पुसला.

"डबा कुठं गेला?"

"तरसालीला. दुरुस्तीला."

"परवाच तर दुरुस्त झाला ना?"

"थोडं राहिलंय."

"बाराला लागेल," एवढंच त्या म्हणाल्या आणि फडकं झटकायला गेल्या.

सुभानरावांनी चार दिवस सांगायचं ठरवलं आणि चार दिवस सांगितलं नाही. सकाळी ते सांगायच्या तयारीने उठत. पण सकाळी दूध येई, मग पेपर, मग वसुंधराबाईंची पोथी, मग जेवण, आणि जेवल्यावर माणसाला धक्का देऊ नये असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मधल्या काळात फोटोवाल्या काकांकडे लोक येतच होते. फत्तेसिंहराव शिंदे येऊन म्हणाले, "वडिलांचा पागेतला फोटो जरा काढून द्या. आमच्याकडचा मी टाकून दिला. म्हटलं, तुमच्याकडे आहे म्हणजे बँकेत आहे." सुभानरावांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. रजिस्टर उघडून ते दुपारभर वाचत बसले. '२०३८. डावीकडून: पिलाजीराव, घोडा, अज्ञात.' सगळी नावं होती. ज्यांची ती नावं होती ते सगळे तरसालीच्या एका फ्लॅटमध्ये, अनुक्रमणिका फाटलेल्या अवस्थेत होते.

अकराला संध्याकाळी रसिकाचा फोन आला. सुभानराव स्कूटर काढून गेले.

"तेरा हजार सहाशे निघाले," ती म्हणाली. "बाकीचे नाही. पण नावं गेली, फोल्डर गेले. सगळे नुसते नंबर. आणि नंबर पण तुमचे नाहीत, मशीनने दिलेले."

पडद्यावर चिमणाबाई नावाच्या कोणाच्या तरी पणजीशेजारी गेल्या वर्षीची पावभाजी होती. तिच्यानंतर एक मुंज, मग विश्वामित्रीचा पूल, मग तीच मुंज, मग कोणाचं तरी कोपर. एकतीस वर्षांची रेकॉर्ड रूम कोणीतरी गच्चीवरून उधळावी तसे.

"मला एक हवा आहे," सुभानराव म्हणाले. "चारशे सतरा."

"काका, आता चारशे सतरा असं काही नाही. एकेक बघत जायचं. बस."

तिने फोटो एका नव्या डिस्कवर दिले, आणि ते परत करण्याआधी, त्यांना न विचारता, आपल्या मशीनवर एक प्रत ठेवून घेतली. "ही माझ्याकडे राहणार," ती म्हणाली. "फाडायला मागू नका."

बारा मार्चला दुपारी वसुंधराबाई ओले हात लांब धरून बाहेर आल्या.

"काढा."

सुभानरावांनी सांगितलं. वायर, डिस्क, डी, फॉर्मॅट, सगळं, नोंद वाचून दाखवावी तसं, क्रमाने. मध्ये कुठे थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

वसुंधराबाईंच्या कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"एकदा हाताने फाडलात," त्या म्हणाल्या. "एकदा मशीनने."

"यात असेल. कदाचित. तेरा हजार सहाशे आहेत."

"किती बघून झाले?"

"नऊशे."

त्या आत गेल्या. सुभानरावांना वाटलं, आता आठ दिवस. पण त्या हात कोरडे करून, चष्मा घेऊन बाहेर आल्या, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"सरकवा."

सुभानराव सरकवत राहिले. पहिला अर्धा तास नुसते फोटो सरकत गेले. मग वसुंधराबाईंना माणसं दिसायला लागली.

"थांबा. ही सुनेत्राची सासू. हिने माझ्या बारशाच्या वाट्या नेल्या त्या नेल्याच."

"रजिस्टरमध्ये 'अज्ञात स्त्री' आहे."

"अज्ञात कशी? अख्खी मांडवी ओळखत होती. लिहा."

सुभानरावांनी लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं की पाच वर्षांत त्यांनी साडेतीनशे जणांना अज्ञात ठरवलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना ओळखणारी व्यक्ती सगळा वेळ आठ पावलांवर भांडी विसळत होती.

तीन वाजता चहा झाला. साडेतीनला वीज गेली, चारला आली. पाच हजारांपुढे दोघांचेही डोळे गळायला लागले. पिलाजीराव सापडले, घोड्यासह; घोडा थोडा फाटला होता. मुंजी, बारशी, डोहाळजेवणं, गणपती, गणपती, गणपती.

"किती गणपती काढलेत हो?"

"दर वर्षी काढावे लागतात."

"देव तोच असतो ना पण?"

सव्वापाचला सुभानरावांचं बोट थांबलं.

वरच्या निम्म्या भागात शैला होती. वेणी पुढे घेतलेली, मान वळलेली, तोंड अर्धं उघडं, कोणाला तरी काहीतरी सांगताना. छातीच्या खाली एक सरळ रेघ होती आणि तिच्याखाली शेवटपर्यंत सपाट राखाडी रंग. सायकल नव्हती. हात नव्हते. मागचं घर निम्मं नव्हतं. डी मधल्या त्या जागी मागच्या वर्षीचा सोसायटीचा गणपती जाऊन बसला होता.

सुभानरावांनी ती रेघ वर सरकवून पाहिली, खाली सरकवून पाहिली, फोटो बंद करून पुन्हा उघडला. राखाडी रंग तिथेच होता.

"खालचं गेलं," ते म्हणाले. "सायकल गेली."

वसुंधराबाई बघत होत्या. मिनिट झालं, दोन झाली. मग त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "भाड्याचीच होती."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच रिक्षाने स्टुडिओत गेल्या. डिस्क पर्समध्ये, फ्लॅनेलच्या फडक्यात. तासाभराने आल्या तेव्हा हातात पाकीट होतं. सुभानरावांनी पाकिटात बघितलं. शैला, फक्त वरची, खालचा राखाडी भाग कापून टाकलेला. चार प्रती.

"चार कशाला?"

"तुम्हीच शिकवलंत. चार."

"पण यातली मूळ कोणती धरायची?"

"ते तुम्ही शोधत बसा," वसुंधराबाई म्हणाल्या आणि पाकीट घेऊन आत गेल्या. त्या चार प्रती त्यांनी चार ठिकाणी ठेवल्या. कुठे, ते सांगितलं नाही. लाल शिक्काही त्यानंतर टेबलावर दिसला नाही. सुभानरावांनी त्याची चौकशी केली नाही.

तेरा हजार सहाशे फोटोंना रजिस्टरशी जुळवायचं काम रोज दुपारी दोन ते पाच चालतं. वसुंधराबाई बसतात आणि सांगतात, सुभानराव लिहितात. या वेगाने अडीच वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज आहे. पडद्यावरच्या हिरव्या पट्टीपेक्षा तो भरवशाचा आहे. फत्तेसिंहरावांना त्यांचे वडील मिळाले. त्यांनी दोन प्रती मागितल्या, आणि सुभानरावांनी जरा वेळ थांबून दिल्या.

जूनमध्ये एकदा मागची नोंद बघायला त्यांनी रजिस्टरचं जुनं पान उलटलं. ४१७ च्या ओळीवर, 'मूळ प्रत नष्ट' या शब्दांवर, शैला पडली होती, मान वळवून. चारातली एक. सुभानरावांनी ती उचलली, उलटी करून पाहिली. पाठ कोरी होती. त्यांचा हात सवयीने पेनाकडे गेला, तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी फोटो होता तसाच, त्याच ओळीवर ठेवला आणि रजिस्टर बंद केलं. आतून वसुंधराबाईंनी विचारलं, "काय शोधताय?"

"काही नाही," ते म्हणाले. "भाजी कोणती आणू?"